कमळाबाईच्या रानात बसलेली मेंढरं

नाशिकहून हिंगोलीची गाडी धरली तेव्हा माझ्या खिशात इतकी संपत्ती होती की एखाद्या संस्थानिकानं मला उठून खुर्ची दिली असती. अडचण एवढीच, की तिच्यातून एक कप चहा येत नव्हता.

त्याचं असं झालं. माझी पुतणी रुचा बेंगळुरूला संगणकात डोकं घालून बसते. पुराच्या बातम्या बघून तिनं आणि तिच्या चार दोस्तांनी देशभरातल्या पोरापोरींकडून मदत गोळा केली, आणि तीही आभासी चलनात. हे असं नाणं, की हातात धरता येत नाही, दगडावर वाजवून बघता येत नाही, पण कोणी कोणाला काय दिलं ते साऱ्या जगाला दिसतं. या पाच जणांनी त्या तिजोरीला पाच किल्ल्या केल्या होत्या. तिघांनी आपापल्या फोनवरून होकार दिला की नाण्याचे रुपये व्हायचे, कर कापून सरळ मार्गानं, आणि दुकानदाराच्या खात्यात पडायचे. माझं काम सोपं : गावात जायचं, काय लागतं ते बघायचं, ते घ्यायचं आणि लाभार्थ्याचा वस्तूसकट फोटो पाठवायचा. एवढ्या जबाबदारीच्या कामाला मीच का? तर माझा जन्म परभणीचा, आवाज दणकट, आणि मला आठवडाभर बाहेर पाठवायला घरचे निमित्तच शोधत होते.

हिंगोलीला उतरलो तो मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) बाजूला चहाला थांबलो. हळदीची पोती अशी रचली होती, की त्या वासात थोडा वेळ जास्त उभा राहिलो असतो तर कोणीतरी नवरदेव समजून मला मांडवात नेऊन बसवलं असतं. चहावाल्यानं पिशवीकडे पाहिलं.

"काका, कायच्या कामानं आले?"

"पुराची मदत घेऊन."

"गाडी कुठंय मग?"

"गाडी नाही. मदत फोनात आहे."

त्यानं माझा फोन घेतला, उलटा केला, हलवून कानाशी धरला आणि परत दिला. "बरं हाय," म्हणाला, "भिजायची तकलीफ न्हाई."

तिथून एसटीनं हट्टा, आणि हट्ट्याहून एका दुधवाल्याच्या मोटारसायकलवर, दोन रिकाम्या कॅनच्या मध्ये तिसरा कॅन होऊन, नदीकाठचं ते गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथं मेंढरांसाठी रांग लागेल, आणि त्याचं पाप माझ्या माथी.

गाव यायच्या आधी पूर दिसला. म्हणजे पाणी केव्हाच उतरलं होतं, पण जाताना ते आपली उंची झाडांवर लिहून गेलं होतं. बाभळीच्या शेंड्यांना कडबा लटकत होता. एका झाडात तर अख्खी बाज अडकलेली, चारी पाय खाली, जशी घरात टाकावी तशी सरळ. वर चढून झोपायचंच काय ते बाकी होतं. दुधवाला म्हणाला, वरच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं ती ओळखली, पण उतरवायला कोणी चढेना, म्हणून तो अधूनमधून येऊन तिला बघून जातो.

रुचाच्या मित्रांचा आग्रह चादरींचा होता. गावात पाऊल टाकताच तो विषय संपला. पुरानंतर इतक्या संस्थांनी इतक्या चादरी वाटल्या होत्या, की एका गोठ्यात मी फुलाफुलांची चादर पांघरलेली म्हैस डोळ्यांनी पाहिली. तिच्या चेहऱ्यावर पाहुणीचा भाव होता.

माझी सोय कमळाबाईच्या घरी झाली. बौद्ध वस्तीतलं उंचावरचं घर, पत्र्याचं, समोर ओटा. कमळाबाई पन्नाशीची, एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक हिंगोलीकडच्या गोरेगावला दिलेली. मी "जय भीम" म्हणून आत गेलो. तिनं "जय भीम, भाऊ" म्हणून पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि माझी विचारपूस व्हायच्या आत येसराची आमटी (भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची), भाकरी आणि ठेचा समोर आला. तो ठेचा इतका तिखट होता, की पहिल्या घासाला मला परभणीतले माझे सगळे मास्तर एका रांगेत उभे दिसले.

"काय लागतं तुम्हाला?" मी डोळे पुसत विचारलं.

"चला, दाखवते," ती म्हणाली.

तिचं रान नदीला लागून. पुरानं वरची काळी माती खरडून नेली होती आणि खाली पांढरट, कडक जमीन उघडी पडली होती. ग्रामपंचायतीनं तळ्यातला गाळ आणून वर पसरून दिला होता. पण गाळ म्हणजे नुसतं अंग, त्यात जीव नव्हता.

"याच्यात मेंढरं बसली पायजेत," कमळाबाई म्हणाली. "मग हरभरा येतोय. पन वाफसा (पेरणीजोगी ओल) आता थोड्या दिसांचा. त्येच्यात न्हाई पेरलं, तर रान पडीक, आन् मी इटभट्टीवर. मुकादम नाव लिहून गेलाय. त्याची जीप येणार हाय. एकदा गेलं की सहा म्हैने घराला कुलूप."

"जायचं आहे का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो प्रश्न गिळून टाकला. ठेच्यापेक्षा अवघड गेला.

मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे नाशिकच्या लोकांना सांगायला हवं. धनगराची खांड (मेंढ्यांचा कळप) शेतात मुक्कामाला राहते, रानभर लेंड्या आणि मूत पडतं, आणि जमिनीला जे खत मिळतं ते कुठल्याही पोत्यात मिळत नाही. बदल्यात शेतकरी धनगराला धान्य देतो. गावाबाहेर सटवाजी धनगराची खांड उतरली होती. पुरात त्याच्याही वाड्यातली (मेंढपाळाच्या तळावरची) ज्वारी भिजून कोंब आले होते. त्याला ज्वारी हवी होती, कमळाबाईला मेंढरं हवी होती, आणि माझ्या फोनात नाणी होती. मी मनात म्हटलं, हा व्यवहार तर मी डोळे मिटून करीन.

फोनला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. मी वर, माझ्याखाली कमळाबाई, तिच्याखाली निम्मं गाव, आणि फोन स्पीकरवर. किल्लीवाल्यांपैकी समीर नावाचा मुलगा फार चौकस होता.

"काका, मेंढ्या विकत घ्यायच्या?"

"नाही रे, बसवायच्या. त्यासाठी ज्वारी घ्यायची."

"बसून त्या काय करतात?"

"त्या... आपलं काम करतात."

"म्हणजे लोकांनी दिलेली मदत आम्ही लेंड्यांवर खर्च करायची?"

कमळाबाईनं खालून हात लांबवून फोन घेतला. "लेकरा, जेवला का?"

"हो... म्हणजे, नाही अजून, मावशी."

"घरात झाड लावलंस का एखादं?"

"आहे, कुंडीत."

"त्येला काय घालतो?"

"खताचं पाकीट मागवतो."

"आन बरं ते पाकीट. वाच, काय लिव्हलंय."

पाकीट शोधल्याचा आवाज आला. मग पोरगं हळूच वाचायला लागलं, "शुद्ध... मेंढीखत."

"मंग?" कमळाबाई म्हणाली. "तुझ्या कुंडीला चालतंय, माझ्या रानाला काहून न्हाई?"

जिन्याखालचं गाव इतकं हसलं, की टाकीतलं पाणी हललं असावं. तीन किल्ल्या फिरल्याच, चौथीही मागून फिरली. दुपारपर्यंत हट्ट्याच्या दुकानातून ज्वारीची पोती आणि हरभऱ्याचं बी टेम्पोत चढलं आणि मी विजयी सेनापतीसारखा पोत्यांवर बसून गावात शिरलो.

सटवाजीनं ज्वारी मुठीत घेतली, दात लावून पाहिली, मान डोलावली आणि पोत्यात परत टाकली.

"माल झकास हाय, पाव्हणं. पन सकाळीच आबारावाला शब्द दिला. आजपासून त्येच्या रानात, आन् तिथून आमी लांब चाललो."

आबाराव म्हणजे गावातला मोठा बागायतदार. त्याचं रान उंचावर. पुराचा थेंब तिथं पोचला नव्हता आणि ज्वारी माळ्यावर कोरडी होती. मी सटवाजीला समजावलं, चढ्या आवाजात समजावलं, मग आणखी चढ्या आवाजात. जास्तीचं पोतं देऊ केलं. त्याचं उत्तर एकच : "शब्द दिलाय." कमळाबाई एका बाजूला उभी होती. नुसती मुकादमाच्या जीपच्या वाटेकडे बघून राहिली.

तेवढ्यात सटवाजीची बायको जनाबाई कोकरांना पाजता पाजता उठली.

"शब्द कोनी दिला?"

"मी दिला की."

"कोन्त्या मेंढरांचा?"

"आपल्या."

"आपल्या? आन् निळ्या खुनेची कोनाची?"

सटवाजीचा चेहरा उतरला. मी खांडीकडे पाहिलं. निम्म्या मेंढरांच्या पाठीवर लाल ठिपका होता, निम्म्यांच्या निळा. या लोकांत लेकीला माहेराहून मेंढ्या देतात. त्या मेंढ्या आणि त्यांची पुढची सगळी पैदास त्या बाईची. नवऱ्यानं विकायची म्हटली तरी तिला विचारावं लागतं.

"माझ्या मेंढरांचा शब्द मी कोनाला दिला न्हाई," जनाबाई म्हणाली. "पानी आलं तवा माझी कोकरं कोनाच्या घरात व्हती? आबारावाच्या माडीवर का कमळाबाईच्या चुलीपाशी? माझी मेंढरं आज तिच्या रानात बसतील. तुमची तुमी न्या आबारावाकडं."

"इतक्या वरसांत आजच आठवलं व्हय गं तुला?"

"इतक्या वरसांत तुमी इचारलंच कवा?"

दिवस कलायला लागला तशी खांड निघाली. ओढ्यापाशी वाट फुटते : वर आबारावाचं रान, खाली कमळाबाईचं. सटवाजी वरच्या वाटेवर उभा राहून शिट्टी घालायला लागला, जनाबाई खालच्या वाटेवर. आता या खांडीचा म्होरक्या एडका, त्याचं नाव सरपंच. शिंगं अशी वळलेली, की त्यात माझं डोकं मावावं. हा सरपंच फाट्यावर थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यानं माझ्याकडेही पाहिलं. मग गळ्यातली घाट (मोठी घंटा) वाजवत तो खालच्या वाटेनं चालू लागला. त्याच्या पाठीवर निळा ठिपका होता.

झालं. निळी तर गेलीच, पण लाल ठिपकेवाल्यांनीही आपल्या धन्याकडे पाठ फिरवली आणि धुळीचा लोट उठवत सरपंचामागे गेली. जमीन अशी धडधडली, की मला वाटलं पूर परत आला. बघता बघता अख्खी खांड कमळाबाईच्या रानात उतरली आणि गाळावर ऐसपैस बसली. कमळाबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की आणखी काही, ते धुळीत दिसलं नाही.

सटवाजी रिकाम्या वाटेवर उभा होता. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि एकटाच वरच्या वाटेनं निघाला.

"अहो, कुठं?" मी ओरडलो.

"आबारावाकडं. शब्द मी दिलाय, मी जाऊन बसतो."

मीही मागोमाग गेलो. असला प्रसंग कोण सोडतो? सटवाजी आबारावाच्या रानाच्या मधोमध घोंगडी अंथरून मांडी घालून बसला. थोड्या वेळानं आबाराव बॅटरी घेऊन आला.

"सटवा, खांड कुठंय?"

"मी आलो ना, आबा."

"तू आलास. पन तुझ्या एकट्यानं माझं रान किती पिकंल?"

"जेवढं व्हईल तेवढं बगतो की."

आबाराव आधी रागानं लाल झाला. मग सगळी हकीकत ऐकून जो हसायला लागला, तो धोतराचा सोगा डोळ्यांना लावूनही थांबेना. ते हसू परभणीपर्यंत ऐकू गेलं असणार. शेवटी म्हणाला, "तिच्या रानातलं झालं की माझ्याकडं आन. आन् पुढच्या येळी शब्द घेताना बायकोचा घेईन, बराबर?" आणि त्यानं सटवाजीला घरी जेवायला नेलं. मलाही. तिथला ठेचा सौम्य होता. श्रीमंतीचं हे एक वाईट असतं.

सकाळी मी नियमाप्रमाणे लाभार्थ्याचा वस्तूसकट फोटो काढला. कमळाबाई ओंजळभर लेंड्या घेऊन अशी ऐटीत उभी राहिली, जसं काही कुस्तीच्या फडातली गदाच हातात आहे. समीरनं उलट विचारलं, "काका, मेंढ्या रोज बसतील ना?" पोरगं सुधारलं.

ज्वारीची पोती जनाबाईच्या वाड्यावर उतरली, मेंढरं मुक्काम करून उठली, शेजाऱ्याच्या बैलांनी खत मातीत मिसळलं आणि वाफसा असताना तिफण (पेरणीचं औत) लागली. तिफण शेजारी हाकत होता, आणि चाड्यावर (बी सोडायच्या लाकडी पेल्यावर) मूठ कमळाबाईची. ओटीत हरभरा, चाल बैलांच्या चालीला धरून. तिच्या बोटांतून दाणा असा सुटत होता, की मधे बोलायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही. हे वाक्य घरी कोणी खरं मानणार नाही.

मी पिशवी घेऊन बांधावर उभा होतो, तेवढ्यात मुकादमाची जीप आली. आत गावातली माणसं दाटीनं बसलेली, टपावर भांडी आणि गाठोडी. त्यानं भोंगा वाजवला.

"कमळाबाई, चला! तुमची जागा धरून ठेवलीय."

ती थांबली नाही. चाड्यावरून नजरही काढली नाही.

"दुसऱ्याला द्या, मुकादम. माझी मूठ मोकळी न्हाई."

ती जागा मला मिळाली. मागच्या बाकावर, एका चुलीच्या तव्याच्या आणि एका म्हातारीच्या मधली. ही सगळी माणसं भट्टीवर चालली होती. त्यांची रानं अजून खरडलेलीच होती, आणि हे मला गावातून निघताना नीट दिसलं. म्हातारीनं विचारलं, "ती मेंढरं आमच्या रानात बसली असती तर?" मी जीपमध्येच रुचाला म्हातारीचं नाव आणि तिच्या रानाचा गट नंबर लिहून पाठवला, आणि तिला तो निरोप वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघा बरं."

हिंगोलीच्या स्टेशनाशी मुकादमानं माणसं उतरवली आणि बोट नाचवत मोजली. एक डोकं कमी भरलं, कारण मी पिशवी घेऊन फलाटाकडे निघालो होतो.

"ओ, तुमी कुठं चालले?"

"नाशिकला."

"आन् कमळाबाईची जागा?"

"ती घरी आहे," मी सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा एखाद्या वाक्यात मला काहीही वाढवावंसं वाटलं नाही.