तडा न गेलेला कार्बोरेटर

मोताळ्याच्या बाजारात पत्रकं वाटत होतो, तेव्हा कळलं की करीम मिस्त्री गेला. उरलेली पत्रकं कोणाच्या तरी टोपलीत टाकून त्याच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानाकडे पळालो. त्या दिवशी रडलो. आज लिहायला बसलोय तो मात्र चिडून. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, हा नियम मला मान्य नाही.

माझी मोटरसायकल लष्कराच्या लिलावातली. लिलावात ती घेणारा आधीचा मालक तिच्यावरून खडक न् नाले पाय न टेकता पार करायच्या शर्यती खेळायचा. ती हाती आली तेव्हा वाटलं, आता एकही खेडं लांब नाही. मिस्त्री मला पुढारी म्हणायचा. "काऊन बे पुढारी, क्रांती आजच हाये का? टायरात हवा तं भरू दे!" मग एका हिवाळ्यात म्हणाला, कार्बोरेटरला तडा गेला, दुसरा बसवावा लागन. भंगारातून एक लहान कार्बोरेटर आणला. पेट्रोल किती सुटावं हे ठरवणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी जेट एकामागून एक बदलत त्यानं सबंध दुपार घालवली. दर वेळी मी राजूर घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचो, तो गरम प्लग फडक्यात धरून काढायचा आणि दारातल्या उन्हात न्यायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. शेवटी खूश झाला. "हा पाहा, चहाचा रंग. आता नाही फसवनार हे तुले."

गाडी मात्र पहिल्यासारखी पळेना. विचारलं तर म्हणे, "म्हातारी झाली ते. तू बी होशीन."

सोनाबाई नवऱ्यामागं त्याच्या कूळहक्काची जमीन कसत होती. जमीनमालक म्हणत होता, ही कूळच नाही. मालकाला खंड दिल्याची जुनी पावती तिला गोधडीच्या अस्तरात सापडली ती नेमकी सुनावणीच्या सकाळी. वकील बुलढाण्यात, बस निघून गेलेली. "दादा, पोहोचशीन ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. घाटात मूठ पूर्ण पिळली, पण गाडी कण्हत राहिली... मालाचा ट्रकही मला मागं टाकून गेला. पोहोचलो तेव्हा निकाल वाचून झाला होता, साहेब उठून गेले होते. पावती वेळेवर का आणली नाही, म्हणत अपीलही फेटाळलं.

संध्याकाळी मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो खाली मान घालून एकच पाना पुसत राहिला. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय.

मिस्त्रीचा चाळिसावा झाल्यावर त्याच्या बायकोनं, चाचीनं, बोलावलं. "तुही वस्तू हाये, घेऊन जा." पत्र्याच्या डब्यात, तेल लावलेल्या फडक्यात, माझा जुना कार्बोरेटर. उन्हात धरून सगळीकडून पाहिला. तडा कुठंच नव्हता.

"चाची, हा तर साबूत आहे!"

"हाव," ती म्हणाली. "तुही माय आली होती. पदर पसरला तिनं. पोट्टं घाटात जाईन म्हने एक दिवस, गाडीचा दम कमी करा. त्याहिनं जबान देल्ली. सोनाबाईचं झालं तवापासून त्याहिले जेवन गोड लागलं नाही... पन बोलले नाही."

माझ्या जिवाचा निर्णय दोघांनी परस्पर घेतला आणि भोगलं सोनाबाईनं. ती आता स्वतःच्याच शेतात मजुरीनं निंदते. आईला जाब विचारला. तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही. "जिता हायेस ना?" एवढंच म्हणाली. तिच्याशी मी अजून बोलत नाही. सोनाबाईला हे अजून माहीत नाही. हा मजकूर तिला कोणी वाचून दाखवण्याआधी मीच तिच्या दारात जाऊन सांगणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकून घेणार आहे.

जुना कार्बोरेटर मी स्वतः बसवला. गाडी धूर ओकते, गचके देते, प्लग काळाकुट्ट निघतो. डब्यात सुट्या जेट पुष्कळ आहेत, पण यातली या कार्बोरेटरची मूळची कोणती, हे सांगणारा एकच माणूस होता न् तो लबाड निघाला. त्याला माफ केलेलं नाही. तरी दर वेळी गरम प्लग फडक्यात धरून काढतो, दारातल्या उन्हात नेतो, आणि हात आपोआप पुढं होतो... कोणीतरी तो घेऊन रंग पाहील म्हणून.