सव्वा सेकंदाचा धीर

माझ्या भाचीचं घरातलं नाव भिंगरी. ती एका जागी शांत बसलीय असं मी कधी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा टेबलाखाली हलत असतो, आणि त्या हादऱ्याने सगळ्यांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळत असतं. आठवीत शाळेत कॉम्प्युटर हा विषय सुरू झाला तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी पोरगी खुर्चीला चिकटेल. कसलं काय! सर सांगायचे, आधी कागदावर लिहा, नीट वाचा, मग चालवा. ही अर्धाच प्रोग्रॅम लिहायची आणि चालवून मोकळी व्हायची. तो पडायचा. मग दुरुस्ती, मग पुन्हा चालवणं, मग पुन्हा पडणं. "पडला की कळतं ना आत्या, कुठे चुकलं ते," असं वर मलाच ऐकवायची.

दादाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या घराच्या खालीच. दादाचा हात असा, की बाकीच्यांनी भंगारात काढलेला फ्रिजसुद्धा त्याच्याकडे आला की मुकाट्याने गार पडायला लागतो. पण दादा बोलताना अडखळतो. लहानपणापासून. एखाद्या अक्षरावर अडकला की त्याची मान ताठ होते, डोळे मिटतात आणि शब्द ओठांशी येऊन अडून बसतो. बोलणाऱ्याची अंबाडीसुद्धा विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, म्हणून दुकानाचं काउंटर मी सांभाळते. फोन मी घेते, गिऱ्हाइकाशी घासाघीस मी करते. शाळेतल्या पालकसभांनाही मीच जात आले. वहिनीची नोकरी पाळीची, तिला कुठला वेळ?

घरात दादाची वाक्यं पुरी करायचं काम मात्र भिंगरीचं. बोलता यायला लागल्यापासून तिने ते अंगावर घेतलं होतं. दादा "मला जरा पा..." म्हणाला, की ही पाण्याचा पेला घेऊन हजर. दादाला हवा असायचा पाना. तो बिचारा पाणी पिऊन टाकायचा आणि मग स्वतःच उठून पाना घ्यायचा. वाद घालण्यापेक्षा पाणी पिणं सोपं. पोर किती हुशार, बापाच्या मनातलं ओळखते, असं आम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगायचो.

नववीत तिच्या डोक्याला नवा भुंगा लागला. त्यांच्या शाळेत शेवटची दोन वर्षं कॉम्प्युटर हा मुख्य विषय घेता येतो, पण जागा मोजक्याच. दहावीच्या प्रकल्पावर त्या ठरतात. प्रकल्प एखाद्या खऱ्या माणसासाठी करायचा. त्या माणसाने तो परीक्षकांसमोर वापरून दाखवायचा. आणि तो माणूस समोर असेपर्यंत विद्यार्थ्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं, तर गुण कापणार. भिंगरीला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. "जागा नाही मिळाली तर मी काय करू, आत्या?" असं ती दात घासतानाही विचारायची. तिची ती तगमग बघून माझाच जीव टांगणीला लागला होता.

दहावीत तिने माणूस निवडला तो बापच. दुकानात शेकडो सुटे भाग, पन्नास खण, आणि दादाचे हात कायम ग्रीसने माखलेले, म्हणून खण मीच शोधून द्यायची. तेव्हा त्याने नुसतं भागाचं नाव बोलायचं आणि मशीनने, म्हणजे दुकानात ठेवलेल्या कॉम्प्युटरने, खण सांगायचा, अशी कल्पना. आवाज ओळखणारा भाग तिने आयता घेतला, तो म्हणे सगळेच घेतात. बाकीचं सगळं तिचं. मशीनची उत्तरंसुद्धा तिने स्वतःच्या आवाजात भरली. मी जाऊन म्हटलं, "दाराचं रबर." लगेच उत्तर, "डावी मांडणी, तळाचा खण!" मी आ वासून बघत राहिले. मला काय, माझी निम्मी नोकरीच गेली होती, तरी आनंद झाला.

मग दादा पुढे आला. "थ..." म्हणून अडकला.

"ऐकू आलं नाही. पुन्हा बोला," मशीन म्हणालं. भिंगरीच्याच आवाजात.

"थर्... थ..."

"ऐकू आलं नाही. पुन्हा बोला."

दादाने फडक्याला हात पुसले, आपल्या हाताने खण उघडला, थर्मोस्टॅट काढला आणि कामाला बसला. जाता जाता "छा... छान झालंय" एवढं म्हणाला. मला त्या मशीनच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"असं का गं करतं ते?" मी विचारलं.

"बोलणारा गप्प झाला की बोलणं संपलं, असं ते धरतं. किती वेळ गप्प, तो आकडा मी टाकलाय. सव्वा सेकंद."

"एवढाच?"

"त्याहून जास्त थांबायचं म्हणजे मला वैताग येतो गं."

तिने आकडा वाढवला. तीन केला, पाच केला. तरी दादा कधी त्याच्याही पुढे अडकायचा, आणि आम्ही बाकीचे उत्तराची वाट बघत ताटकळायचो. मग या शहाणीने काय करावं? मोबाइलवर सेकंद मोजायचं घड्याळ लावलं आणि काम करणाऱ्या बापासमोर जाऊन बसली. "बाबा, बोला काहीतरी. तुम्ही साधारण किती वेळ अडकता ते मोजते." दादाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि दुकानाबाहेर निघून गेला. जेवायलाही उशिरा आला. परीक्षेला येण्याबद्दल विचारलं तर मानेनेच नाही म्हणाला.

पुढचे दिवस काढणं म्हणजे निखाऱ्यावर बसणं होतं. भिंगरी येरझाऱ्या घालायची, नखं खायची, वहीची पानं फाडायची. मीही काउंटरवर उलटेसुलटे भाव सांगायला लागले. शेवटी एकदा जेवताना मी तोडगा काढला, की दादाऐवजी मीच जाते परीक्षेला. दुकान माझंही आहे, मशीन माझं बोलणं चटकन ऐकतं, काम झाल्याशी कारण. भिंगरीला ते जवळजवळ पटलं होतं. तेवढ्यात दादा बोलायला लागला.

"मला ला..."

"लाज वाटते, माहितीये बाबा, पण..."

दादाने टेबलावर थाड्कन हात आपटला. पेले लवंडले. त्याला इतकं चिडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं आणि कुणी फडकं आणायला उठलं नाही. दादाची मान ताठ झाली, डोळे मिटले. भिंगरीचे ओठ हलले. तिने ते दाबून धरले.

"मला... लाज... नाही वाटत," दादा म्हणाला. "भी... भीती वाटते. तू म... मध्येच... बोलशील याची."

शब्द तिने बरोबर ओळखला होता. वाक्य नेमकं उलटं होतं. किती वर्षं हा माणूस आमच्या घाईत नुसतं पाणी पीत बसला होता!

भिंगरी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की दुकानात स्टुलावर बसायची. मोबाइल नाही, घड्याळ नाही. दादा बोलला तर ऐकायची, नाही बोलला तर नाही. गुडघा हलायचाच, पण तोंड बंद. आणि एका दुपारी माझ्या जुन्या शिलाई मशीनचं पायडल मागायला आली. ते तिने कॉम्प्युटरला जोडून दादाच्या पायाशी ठेवलं. पाय खाली दाबला की मशीन ऐकतं, पाय उचलला की बोलणं संपलं.

"आणि तो आकडा?" मी विचारलं.

"काढून टाकला. बाबांचं कधी संपलं ते बाबाच सांगणार ना."

दादाने पाय ठेवला. अडखळत, डोळे मिटत एकदाचं 'थर्मोस्टॅट' म्हणाला आणि पाय उचलला. खण बरोबर आला. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने आपला चांगला शर्ट इस्त्रीला काढला.

तिला जागा मिळाली हे आधीच सांगून टाकते. कुणाला ताटकळत ठेवणं मला जमत नाही, आमच्या घराण्याचा तो दोषच आहे. जागा मिळाली, पण अगदी काठावर. आता ती बारावीत आहे. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहिते, वाचते आणि मग चालवते. तो पडतोच, ते सोडा. काठावर का मिळाली, ते मात्र सांगायला हवं.

परीक्षेला मी मागच्या बाकावर बसले होते. परीक्षक बाई बाहेरून आलेल्या, वागायला गोड, हाताने झटपट. दादाने पायडलवर पाय ठेवला आणि "कं..." वर अडकला, तो चांगलाच अडकला. बाईंचे ओठ मदतीसाठी हलायला लागले. भिंगरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. मी बाक घट्ट धरला. दादाने शब्द पुरा केला, पाय उचलला, आणि मशीनने कंप्रेसरचा खण बरोबर सांगितला. मी बाक सोडला.

"वा, सुंदर!" बाई म्हणाल्या आणि पेनला टोपण लावता लावता सहज विचारून गेल्या, "यात काही उणं वाटतं का तुम्हाला?"

असा प्रश्न कुणी दादाला जन्मात विचारला नव्हता. त्याने पाय पुन्हा पायडलवर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. दोन कंप्रेसर शेजारी चालू असले की मशीनला काही ऐकू येत नाही. एका भागाला बाजारात तीन नावं असतात, मशीनला एकच माहीत आहे. खण रिकामा असला तरी ते खण सांगून मोकळं होतं. आणि उत्तर फार भरभर देतं, आवाज तिचाच आहे ना. प्रत्येक शब्दावर तो अडत होता, पण थांबत नव्हता. बाईंचं लक्ष घड्याळाकडे गेलं. बाहेर पुढची मुलं उभी होती.

"ठीक आहे, ठीक आहे. मुद्दा आला लक्षात," त्या हसून म्हणाल्या.

मी मागून भिंगरीला खुणा करत होते, अगं आवर त्याला, तुझेच गुण चाललेत! तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे वळली आणि जे तोंड उघडायचं नव्हतं ते उघडलं.

"बाई, बाबांचं अजून संपलेलं नाही."

बाईंनी पेनचं टोपण पुन्हा काढलं, आणि दादा पुढची चूक सांगायला लागला.