पत्र्याखालची वीणा

लंडनच्या वेम्बलीहून आणलेला धूप पेटवला, की राळेच्या वासासरशी मला कार्डिफमधली एक दुपार आठवते. माझा फ्लॅटमेट आफ्रिकेतल्या गॅबॉनचा होता. ब्विटी हा त्याच्या वाडवडिलांचा धर्म, आणि तो टिकावा म्हणून त्याने तिकडे आपल्या गावात कम्युनिटी सेंटर बांधून घेतलं होतं. जुन्या मंदिराचं पानांचं छप्पर सारखं कुजायचं, म्हणून या सेंटरवर हौसेने पत्रा घातला. उद्घाटनाच्या दिवशी त्याने खोलीत राळ पेटवली, गावी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाला, “आता माझा काका वीणा वाजवेल. आमचे पूर्वज तिच्यातूनच बोलतात.” नेमका तेव्हाच तिकडे पाऊस कोसळला. पत्र्यावर असा ताशा कडाडला की वीणा पार बुडून गेली. काका ओरडून काहीतरी विचारत राहिला. “ऐकू येतंय का, विचारतोय,” फ्लॅटमेट पुटपुटला आणि त्यांच्या भाषेत ओरडून हो म्हणाला असावा, कारण काका खूश होऊन हसला. मग फ्लॅटमेटने माझ्याकडे पाहिलं. मी स्मोक अलार्मखाली नुसता टॉवेल हलवत राहिलो. अजूनही बाहेर पाऊस असला की मी धूप लावत नाही. आणि इथे तो बहुतेक असतोच.