काच उघडी ठेवणारे भाऊ

इरा आणि निशांत,

भाऊ सगळ्या नाशिकच्या मोटारी गार करून देत, पण स्वतः बंद काचेच्या गाडीत कधी बसत नसत. एसी तपासायची त्यांची एक ठरलेली रीत होती. गाडीच्या मालकाला आत बसवायचं, सगळ्या काचा वर करायला सांगायच्या आणि फक्त आपल्या बाजूची काच हात जाईल इतकी खाली ठेवायची. मग बाहेर उभं राहून त्या फटीतून हात आत घालायचा, हवेच्या जाळीसमोर धरायचा आणि मालकालाच विचारायचं, "येतंय का गार?" मालक हो म्हणाला की हात बाहेर. काम झालं.

त्यांचं दुकान सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. ना भिंत, ना शटर. संध्याकाळी सगळी हत्यारं पेटीत भरून, पेटी मोटारसायकलला बांधून ते घरी न्यायचे. शेजारचा वेल्डर चिडवायचा, "भाऊ, एखादं शटर लावा की, चोर येईल." भाऊ म्हणायचे, "येऊ दे. शटर लावलं तर चोर येणार नाय, पण मी पण येणार नाय." सगळे हसायचे. मीही हसले होते. बऱ्याच जणांना आपापली एखादी खोड असते, तशीच ही असेल असं मला वाटलं.

तुमच्या आजोबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा तुम्ही दोघं लहान होता, म्हणून ही आजी थोडं समजावून सांगते. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन निघेपर्यंत तिथेच पडून राहायचं. परत येताना अंगात त्राण नसायचं. शिवाय पाणी बेताचंच प्यायचं, कारण प्यालेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद झालेली. त्यामुळे उन्हाळा म्हणजे आमच्या घरात शत्रू. नाशिकरोडहून दवाखान्यापर्यंतची वाट द्वारका चौकातून जाते, आणि द्वारकेला दुपारी गाडी अडकली की अडकली. तापलेल्या गाडीत आजोबांना तहान लागायची, तहान सोसायची नाही, पाणी जास्त जायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजून धाप लागायची. गाडी मीच चालवत असे. तुमचा बाबा तिकडे तुमच्याजवळ, दूर, आणि भाड्याच्या गाडीला आजोबा तयार नव्हते. तेव्हा आमच्या जुन्या मोटारीचा एसी ही चैनीची गोष्ट नव्हती.

तो बिघडला नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर. एका गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला आणि आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. मग कुणीतरी भाऊंचं नाव सांगितलं. भाऊंनी पहिल्याच भेटीत त्या गॅरेजचा उद्धार केला. "दुखतंय कुठं ते बघायचं नाय, आला की सलाईन लाव! गॅस काय पेट्रोल हाय का ताई, संपायला? कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला. नायतर कमी झालाच नाय."

बोनेट उघडलं की ते आधी माझा रेडिओ बंद करायला लावायचे. मग एका हातात एक नळी, दुसऱ्या हातात दुसरी, आणि डोळे मिटून उभे. देवघरात उभे राहावेत तसे. कंप्रेसर नीट चालत असेल तर एक नळी तापते आणि एक गार पडते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. "एसी म्हणजे जादू नाय. आतली गरमी उचलायची न बाहेर टाकायची. गरमी कुठं मरत नाय ताई, तिला फक्त जागा बदलून द्यायची." हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखं ऐकवायचे. स्वतःच्या कामाचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो लपवण्याचं कारण त्यांना कधी दिसलं नाही.

आमच्या गाडीत मात्र त्यांचा अभिमान हरला. दुकानात एसी उत्तम चालायचा. फटीतून हात, "येतंय का गार?", हो. आणि द्वारकेच्या गर्दीत पोचलो की जाळीतून गरम वारा. भाऊंनी नळीचा एक जोड बदलला, पुढचा पंखा बदलला. दोन्ही वेळा तेच. एका दुपारी द्वारकेच्या पुलाखाली आमची गाडी इतका वेळ थांबून राहिली की आजोबांचे ओठ कोरडे पडले. बाटली त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतली. घरी आल्यावर ते पलंगावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "उद्याचा दिवस मोकळा आहे ना? परवापासून मी येणार नाही. त्या भट्टीत नाही आणि त्या यंत्रावरही नाही. पुरे झालं आता."

डायलिसिस थांबवणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी वाद घातला नाही. सकाळी गाडी काढली आणि सातपूर गाठलं.

बिघाड कसा होतो, याचा मी तोवर नीट विचार केला होता. सकाळी जाताना एसी चालतो, दुपारी येताना बंद पडतो. रस्ता मोकळा असला तर चालतो, गर्दीत बराच वेळ थांबलं की जातो. घरी येऊन गाडी निवली की पुन्हा चालतो. मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "भाऊ, हा आजार दुकानात दिसायचा नाही. उद्या तुम्हाला आमच्याबरोबर बसावं लागेल. परतीच्या वाटेवर. काचा बंद ठेवून."

"मी मोटारसायकलवर मागून येतो ना."

"मागून काय दिसणार?"

"ताई, दुसरा कोणी मिस्त्री बघा."

मी त्यांना आजोबा काल काय म्हणाले ते सांगितलं. भाऊ हातातला पाना पुसत राहिले. तो स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

आजोबा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, पण माझ्यासाठी नव्हे. "भाऊंना बोलावून बसलीस, आता त्यांचा खोळंबा नको. हे शेवटचं," एवढंच म्हणाले. दुपारी आम्ही बाहेर पडलो तर भाऊ दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते, हातात एक लांब लाकडी दांडकं. मागच्या सीटवर बसले, दाराची कडी घट्ट धरली. मी काचा वर केल्या. सुरुवातीला एसी छान चालत होता.

द्वारकेला नेहमीसारखं सगळं थांबलं. पुढे बस, बाजूला टेम्पो, मागे रिक्षा. दार उघडायलाही जागा नव्हती. आजोबांनी मान वळवून मागे पाहिलं. "अहो भाऊ, एवढं गार आहे आणि तुम्हाला घाम कसला?"

"हा गरमीचा नाय साहेब."

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी ते द्राक्षांच्या गार गाड्यांची यंत्रं दुरुस्त करायचे. ऐन हंगामात एका कंटेनरमध्ये, पेट्यांच्या मागे बसून काम करत होते. हमालांना वाटलं आत कोणी नाही, त्यांनी दार लावलं. आतली कडी मोडकी होती. "बाहेर पोरं हसत होती, ते मला ऐकू येत होतं. मी दार ठोकत होतो. त्यांना वाटलं मशीनच वाजतंय."

"मग?" आजोबांनी विचारलं.

"माल भरताना एकानं चप्पल आत काढली होती. ती घ्यायला आला."

आजोबा हसले. पण लगेच चेहरा पडला. "तुमचं बरं, कोणाची तरी चप्पल राहिली. माझ्या दाराशी कोण येणार आहे? आज यंत्र, उद्या घर, परवा यंत्र."

"साहेब, मी ठोकत तरी होतो. तुम्ही तर दाराकडं पाठ करून बसले."

 आजोबांशी असं कोणी बोलत नसे. आजोबा पुढे बघतच म्हणाले, "तोंड फार चालतं हो तुमचं."

"आत कोंडल्यावर तेच चालणार ना! बाहेर असतो तर हात चालले असते."

तेवढ्यात जाळीतून कोमट वारा आला. मग गरम. "गेलं! ताई, गेलं!" भाऊ असे ओरडले की घरात बाळ जन्मल्याची बातमी असावी. टेम्पो जरासा सरकला, तेवढ्या फटीतून ते बाहेर निसटले आणि बोनेट उघडलं. मागचे हॉर्न वाजवत होते, रिक्षावाला शिव्या देत होता. भाऊंनी दांडकं आत खुपसून कशावर तरी हलकेच टोला दिला. खट्ट आवाज झाला आणि जाळीतून पुन्हा गार हवा आली.

बिघाड कंप्रेसरच्या तोंडाशी असलेल्या चकतीत होता. एसी लावला की लोहचुंबक ती चकती ओढून धरतं आणि कंप्रेसर फिरू लागतो. चकती झिजून फट वाढली होती. गार असताना चुंबकाला ती ओढता यायची. बराच वेळ तापलं की त्याचा जोर कमी पडायचा आणि चकती सुटायची. दांडक्याच्या टोल्याने ती जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी चकती आणि चुंबक दोन्ही नवी बसवली. आजोबा पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले होते आणि सारखे विचारत होते, "हे काय? आणि ते कशाला?" भाऊ शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही दुकान टाकता का शेजारी?"

त्यानंतरचे उन्हाळे आम्ही त्याच गाडीत काढले. "मी येणार नाही" हे वाक्य काही मिटलं नाही. अजूनही काही सकाळी ते घरात असतं. आजोबा ते बोलत नाहीत, पण चपला घालायला वेळ लावतात, त्यावरून मला कळतं.

मागच्या पावसाळ्यात भाऊ भात लावायला सुरगाण्याकडे गावी गेले ते परतलेच नाहीत. फोन त्यांच्या मुलीने उचलला. शेतातच छातीत कळ आली होती. मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या मोकळा दिवस आहे. जाऊन येऊ." डॉक्टरांना विचारू का म्हटलं, तर म्हणाले, "विचारलंस की ते नाही म्हणतील."

घाट चढून आम्ही त्यांच्या पाड्यावर पोचलो. भाऊंच्या पत्नीने तांब्याभर पाणी पुढे केलं. आजोबांनी घोटभर घेऊन तांब्या खाली ठेवला. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे ते साहेब तुम्हीच का?"

"कोणते?"

"ते सांगायचे, नाशकात एक साहेब हाय. एक दिवसाआड आत जातो न दर वेळी बाहेर येतो. म्हणायचे, मी एकदाच अडकलो न जलमभर भ्यालो."

 आजोबांनी नाचणीची भाकरी खाल्ली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. दिंडोरी मागे पडली तेव्हा ते डोळे मिटून होते. मला वाटलं झोप लागली.

"उद्या जरा लवकर निघू," ते म्हणाले.

"का हो?"

"द्वारकेला गर्दी असते."