दिनेशच्या नाकाची शाळा

माझं अलिबागेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाची मोटार उघडून परत बसवली की एखाददुसरा नट हमखास उरतो. मोटार चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, नट मात्र माझ्या डब्यात. आमच्या बिअर चाखणाऱ्या टोळीचंही तसंच. शनिवार सुखरूप पार पडतो, सगळे रिक्षेनं घरी पोचतात आणि माझ्याकडे काहीतरी उरतं. डबा आता भरत आलाय, म्हणून थोडा उपडा करतो. माझ्या सांगण्यातला तिखट-मसाला तुमच्या अंदाजानं वजा करा. दिनेशच्या नाकाचं तेवढं करू नका. ते खरं आहे.

टोळी तिघांची. मी, म्हणजे मिस्त्री. दुसरा हऱ्या नाखवा, स्वतःची बोट असलेला, पन्नाशीतही खांबासारखा सरळ. आणि तिसरा दिनेश. त्याच्या घरात तीन पिढ्या मिठागरं होती, आता ट्रक आहेत. दिनेशला दोन वर्षांपूर्वी एक ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "नाकाला व्यायाम द्या. चार वस्तू घ्या, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगा. येईल हळूहळू. कदाचित."

दिनेशनं त्यातलं फक्त "येईल" ऐकलं. सुनंदावहिनींनी चार बरण्या भरल्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरी, गुलाबपाणी. दिनेश सकाळी ट्रक सोडायच्या आधी हुंगायचा, संध्याकाळी ट्रक लागल्यावर हुंगायचा. तीन महिने. ड्रायव्हर लोकांना वाटलं, शेठनी कसली तरी दीक्षा घेतली.

तोवर घरात काय झालं होतं, ते मला वहिनींकडून कळलं. त्या जेवायला वाढायच्या, हा मान हलवून "छान" म्हणायचा, आणि त्यांना कळायचं की याला कळलेलं नाही. मग त्यांनी "कसं झालंय?" विचारणंच सोडलं. वीस वर्षं रोज विचारलेला प्रश्न.

दिनेश माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, मना तो प्रश्न परत पाहिजे."

*

त्याच सुमाराला वरसोलीच्या पुढे कौस्तुभनं बिअर बनवायला सुरुवात केली. हा मुंबईचा इंजिनिअर. नोकरी सोडली, केसांचा बुचडा बांधला, एका जुन्या वखारीत चकचकीत टाक्या बसवल्या आणि शनिवारी दुपारी टेस्टिंग ठेवू लागला. बाहेर पाटी: "वास घ्या, ओळखा, मग प्या."

दिनेशनं पाटी दोनदा वाचली. "इथं नाकाची शाळा भरते," तो म्हणाला. "मी नाव घालणार."

पहिल्या शनिवारी आम्ही तिघं ओळीत बसलो. कौस्तुभनं प्रत्येकापुढे लाकडी फळीवर चार छोटे ग्लास मांडले आणि समजावू लागला. ग्लास फिरवा, नाक आत घाला, एक घोट घ्या, जिभेवर खेळवा. त्याचं सांगून होईपर्यंत हऱ्याचे चारही ग्लास रिकामे.

"काका, ते सगळ्या टेस्टिंगसाठी होतं."

"व्हय. केली टेस्टिंग," हऱ्या म्हणाला. "आता बिअर आण."

मग कौस्तुभनं टेबलावर एक बादली ठेवली. प्यायची नसेल तर चूळ भरून यात टाका म्हणाला. हऱ्या त्या बादलीकडे बराच वेळ बघत राहिला. वादळात जाळं कापून सोडून द्यावं लागलं तेव्हाही त्याचा चेहरा इतका पडला नव्हता. पुढच्या शनिवारपासून तो ती बादली उचलून स्वतःच्या पायाशी ठेवायचा, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

या सगळ्यात दिनेश मात्र ग्लासात नाक घालून बसला होता. इतकं आत, की बाहेर आला तेव्हा मिशीला फेस.

"काय आलं?" कौस्तुभनं विचारलं.

"गार लागलं," दिनेश म्हणाला. "पुढचा दे."

*

टेस्टिंगला मुंबईची मंडळी यायची. शुक्रवारी रो-रो बोटीत गाड्या घालून यायची, आणि त्यांच्या नाकांना जे वास यायचे ते ऐकून आम्ही थक्क व्हायचो. एकाला पिकलेला अननस यायचा, एकाला जुन्या पुस्तकाचं कपाट, एका बाईंना तर पावसात भिजलेलं कुत्रं. तेही कौतुकानं सांगायच्या.

दिनेशची पाळी आली की तो शांतपणे म्हणायचा, "काय नाय." दर शनिवारी. चार ग्लास, चार वेळा "काय नाय." लोक अवघडून दुसरीकडे बघायचे.

माझा स्वभाव वाईट. एकदा त्याची पाळी यायच्या आधी मी त्याच्या कानात म्हटलं, "बोल, गरम इस्त्रीचा वास येतो."

त्यानं बोलून टाकलं. भिजलेल्या कुत्र्याच्या बाईंनी डोळे मिटले, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अरे वा. नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती शर्टाचा. कॉलरचा." शेजारच्या दोघांनाही लगेच कॉलर आली. कौस्तुभनं ते फळ्यावर लिहिलं. त्या बिअरच्या लेबलवर आजही बारीक अक्षरात "ताज्या सुती कापडाची आठवण" असं छापलेलं आहे. ते माझं योगदान.

मी रिक्षेत हसून हसून वाकलो. दिनेश हसला नाही.

"मिस्त्री, एकदा केलंस. परत करू नको."

"अरे, गंमत."

"मी नाटक करत बसलो, तर खरा वास येईल त्या दिवशी माझा मलाच पत्ता लागणार न्हाय."

त्या दिवसापासून मी त्याला एकही वास सुचवला नाही. ज्यांनी मला ओळखलंय ते सांगतील, हा विक्रम आहे.

*

नाक बंद असलं तरी दिनेशची जीभ मात्र जागी होती. कशी, ते सांगतो.

कौस्तुभनं एकदा आंबट-खारट बिअर केली. जर्मनीकडे तशी करतात म्हणे, मीठ घालून. दिनेशनं घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"पिशवीतलं बारीक मीठ घातलंस."

कौस्तुभ चपापला. "हो. का?"

"टेबलावर ठेवायचं मीठ ते. मिठागराच्या शेजारी बसून पिशवी फोडतोस?"

पुढच्या आठवड्यात दिनेशनं पेणच्या बाजूला असलेल्या चुलतभावांच्या मिठागरातून खडेमिठाची गोणी आणून टाकली. नवी बिअर झाली. सगळे वाहवा करत होते. दिनेश जीभ टाळ्याला लावून विचारात पडला.

"हे धाकट्या भावाच्या वाफ्यातलं मीठ हाय. थोरल्याचं न्हाय."

हऱ्या म्हणाला, "आता पुरे झालं तुझं."

"धाकट्याला घाई असते. खारं पाणी पुरतं निथळायच्या आधी मीठ भरतो. शेवटाला कडू लागतं."

आम्ही तिथूनच थोरल्याला फोन लावला, स्पीकरवर. थोरला म्हणाला, "व्हय, माझं मीठ संपलेलं, धाकट्याचं दिलं. का, तक्रार हाय काय?"

अख्खी वखार टाळ्या वाजवत उठली. मुंबईच्या एका पाहुण्यानं दिनेशच्या जिभेचा फोटो मागितला. तिथं दुसरा कुणी असता तर महिनाभर त्या टाळ्यांवर जगला असता. मी तर वर्षभर.

दिनेश बसला आणि म्हणाला, "जीभ पास झाली. जिभेला कोण विचारतंय?"

*

मग मुंबईत मोठा बिअर मेळावा होता, दिवसभराचा. चाळीस प्रकारच्या बिअर, म्हणजे नाकासाठी चाळीस संधी असा दिनेशचा हिशेब. सकाळी रेवसहून लाँच धरली. खिशात वहिनींनी दिलेली लवंगांची डबी. लाँचवर डिझेलच्या धुरानं लोक कठड्याला लोंबकळत होते, आणि हा मधोमध बसून आरामात पाव-बटाटा खात होता.

भाऊच्या धक्क्याला उतरलो. सकाळची वेळ, मासळीच्या बोटी नुकत्याच रिकाम्या झालेल्या, पाटीवर पाटी, पायाखाली चिखल. बरोबरच्या उतारूंनी नाकाला रुमाल लावून धूम ठोकली. मीही. मागे वळून बघतो तर दिनेश तिथंच उभा. छाती भरभरून श्वास घेतोय.

"चल ना, उशीर होईल," मी ओरडलो.

"थांब. इथं न्हाय आला तर कुठं येणार?"

मी दूर एका टपरीशी जाऊन उभा राहिलो. हऱ्या मात्र परत गेला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. जन्म मासळीत गेलेला माणूस, पण दिनेशच्या सोबतीला तोही मोठमोठे श्वास घेऊ लागला. दोन टोणगे, हात पाठीमागे बांधून, बागेत उभे राहावेत तसे. पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका त्यांना वळसा घालून जात होत्या. एक म्हणाली, "मेल्यांनो, विकत घ्यायचं तर घ्या, फुकट काय हुंगता?"

अर्ध्या तासानं हऱ्यानं विचारलं, "येतंय काय?"

"न्हाय."

"बरं. अजून थांबू."

मेळाव्यातली पहिली बारा सॅम्पलं आमची हुकली. हऱ्यानं त्याबद्दल आजवर कुणाला एक शब्द ऐकवलेला नाही, आणि हऱ्याच्या बारा बिअर हुकणं म्हणजे काय, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

*

एकदा सुनंदावहिनीच वखारीत आल्या. भर दुपारी, नेसूची साडी ठीकठाक, हातात चार डबे. आम्ही तिघं उठून उभे राहिलो. हऱ्यानं ग्लास पाठीमागे लपवला.

"बसा भावोजी," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या परीक्षांचं दर शनिवारी ऐकते. आज माझी घ्या."

फळीवरच्या चार ग्लासांशेजारी चार डबे मांडले. दिनेशला डोळे मिटायला लावले. झाकण उघडायचं, नाकाखाली धरायचं, पुन्हा लावायचं. चिंबोरीचं कालवण. वालाचं बिरडं. तुपातला शिरा. भरली वांगी. वास असे, की कौस्तुभच्या टाक्यांपाशी उभे असलेले पाहुणे आमच्या टेबलाकडे सरकले.

दिनेशच्या कपाळाला घाम आला. चारही वेळा त्यानं डोळे न उघडता मान हलवली. अंदाज मारता आला असता, पण त्यानं मारला नाही.

वहिनींनी झाकणं लावली. "ठीक. पुढच्या महिन्यात परत."

"सुनंदा, तू कंटाळली न्हायस?"

"तुम्ही कंटाळलात?"

"न्हाय."

"मग झालं."

त्या निघून गेल्या. प्रश्नपत्रिका हऱ्यानं आणि मी पुसून खाल्ली.

*

आता डब्यातला शेवटचा नट.

कौस्तुभची नवी बिअर यायची होती. वर्षभराची मेहनत, सगळ्यात मोठी टाकी. मुंबईहून बिअरवर लिहिणारे चार जण खास बोलावलेले. वहिनीही होत्या, त्यांच्या महिन्याच्या परीक्षेचे डबे घेऊन. ही बिअर करायला घेताना आयत्या वेळी कौस्तुभचा नेहमीचा टेम्पो बंद पडला होता, तेव्हा पनवेलहून माल्टच्या, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, गोण्या दिनेशनंच आणून दिल्या होत्या. आपल्या माणसाचं काम म्हणून स्वतः ट्रकबरोबर जाऊन.

पिंप उघडलं. ग्लास भरले. मी नाक घातलं आणि थबकलो. काहीतरी होतं खास. पण पोराचा मोठा दिवस, म्हणून मी तोंडभर हसलो.

लिहिणाऱ्यांपैकी पहिला म्हणाला, "समुद्री. स्पष्टपणे समुद्री."

दुसरा म्हणाला, "ओहोटीनंतरची वाळू. शिंपले."

भिजलेल्या कुत्र्याच्या बाई म्हणाल्या, "किनाऱ्याचं सगळं बालपण आहे यात." कौस्तुभ फुलून लाल झाला. हऱ्यानं हुंगलं आणि त्याला त्यात काही वेगळं वाटलंच नाही, कारण त्याच्या घरी, बोटीवर आणि सदऱ्याला सदोदित तोच वास.

दिनेशची पाळी आली. त्यानं नेहमीसारखं नाक आत घातलं. बाहेर काढलं. ग्लासाकडे बघितलं. पुन्हा घातलं. मग तो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"सुकट," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"जवळ्याची सुकट. नीट वाळवलेली न्हाय, थोडी ओलीच भरलेली."

कौस्तुभनं आपला ग्लास हुंगला. एकदा, दोनदा. फुललेला चेहरा हळूहळू उतरत गेला.

"दिनेशकाका, माल्ट तुमच्या ट्रकमधून आला ना?"

"व्हय."

"त्याच्या आदल्या दिवशी ट्रकात काय होतं?"

"श्रीवर्धनची सुकट. पन्नास गोण्या." दिनेशनं ग्लास परत नाकाशी नेला. "गाडी धुवायला सांगितलेली मी. धुतली न्हाय वाटतं त्यांनी."

लिहिणाऱ्या चौघांनी ग्लास अगदी हळू, आवाज न करता टेबलावर ठेवले. कौस्तुभ मोठ्या टाकीकडे बघत खाली बसला. हऱ्या कधी नव्हे तो बादली पायानं पुढे सरकवून पाहुण्यांकडे करत होता.

सुनंदावहिनींच्या हातातला पहिला डबा अर्धवट उघडाच राहिला होता. दिनेशनं त्यांच्याकडे बघितलं, डोळे पुसले, ग्लास रिकामा करून कौस्तुभपुढे ठेवला आणि म्हणाला,

"अजून एक दे. ह्याच पिंपातली."