गोकुळ शिरगावचा सोमवार

सर्व्हर बंद ठेवल्याचा ठपका मी दिलीप कांबळ्यांवर ठेवला, तेव्हा खरं कारण मला माहीत नव्हतं. तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून त्यांचं नाव पुढे केलं.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत (ओतकामाचा कारखाना) दोन सर्व्हर होते, त्यातला एक ड्रॉइंगचा, म्हणजे भागांच्या आराखड्यांचा. त्यांच्यावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम पुण्याहून जाऊन मीच बसवला होता. दर आठवड्याला तो नेटवर्कवर हाक मारतो. ओ देणारा सर्व्हर यादीत राहतो; लागोपाठ तीनदा ओ न देणारा गळतो, आणि मग त्याची जागा भरत आली तरी इशारा मिळत नाही. ड्रॉइंगचा सर्व्हर असाच गळला, इशारा न येताच त्याची जागा भरली, आणि दिवसभर काम अडलं. मालकांचा फोन आला. कॉम्प्युटर रूम कांबळे सांभाळत. “तुमचा माणूस सर्व्हर बंद ठेवत असेल,” मी म्हणालो. सर्व्हर मी हाताने यादीत घातला. काही आठवड्यांनी तो पुन्हा गळला.

या वेळी न कळवता निघालो. अचानक गेलं की कांबळे चुकीत सापडतील, असा माझा हिशेब होता. पहाटेची एसटी. रस्ता नुकताच चौपदरी झालेला, कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापूर स्टँडबाहेर कटवडा (झणझणीत रश्श्यात बुडवलेला बटाटेवडा) खाल्ला, रस्सा शर्टावर सांडला, आणि तसाच रिक्षात बसलो.

शिरगावात एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता. कारखान्याच्या फाटकाला कुलूप.

“पावणं, आज सोमवार न्हवं का?” आतून पहारेकरी ओरडला. “सुट्टी हाय की! समदी एमआयडीसी बंद!”

“दर सोमवारी?”

“मग काय, तुमास्नी इचारून घ्याची व्हय सुट्टी?”

हाक मारून सर्व्हर शोधायची प्रोग्रॅमची वेळ मी सोमवार सकाळ ठेवली होती. आमचं ऑफिस सोमवारी उघडतं, म्हणून. पुण्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते हे मला ठाऊक होतं. इथली कधी, हे मी विचारलंच नव्हतं.

कांबळे कुठे भेटतील, विचारलं.

“त्यास्नी कॉम्प्युटरातनं काढलं की. स्टोअरात माल मोजत्यात. नवा माणूस येणाराय म्हणं. हुपरीला ऱ्हात्यात.”

हुपरीची बस पकडली. हुपरीत घराघरातून चांदी ठोकल्याचा आवाज येतो. कांबळ्यांच्या ओसरीवर त्यांची बायको पैंजणांना घुंगरं लावत होती. मी नाव सांगितलं.

“ह्येच व्हय पुण्याचं सायेब?” त्या आत बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “बसा की. च्या करतो. तुमच्या एका फोनानं आमचं माणूस पोती मोजाय लागलं, तर बगाय आलासा व्हय?”

कांबळे बाहेर आले. सोमवारी सर्व्हर बंद असतो का, एवढंच मी विचारलं.

“असतोय की. वीज वाचवाय मालकांनीच सांगितलंय. दुसरा चालू ठेवतो, त्यात तुमचा प्रोग्रॅम हाय म्हणून.”

मी वेळेच्या सेटिंगबद्दल बोलू लागलो. प्रोग्रॅम तसाच आहे, कुणाच्याही लक्षात आलं नसतं, वगैरे.

“मला सांगून काय उपेग?” कांबळे म्हणाले. “मालकास्नी सांगा की.”

चहा कढत होता. फुंकून फुंकून तो संपवला आणि उठलो. रात्र राजारामपुरीतल्या लॉजवर काढली.

मंगळवारी कारखान्यात मालकांसमोर शोधाची वेळ बुधवार सकाळ केली आणि एकदा हाताने शोध चालवला. ड्रॉइंगचा सर्व्हर लगेच यादीत आला.

“मिटलं तर,” मालक म्हणाले. “पावणं, जेवूनच जावा.”

एवढ्यावरच विषय संपवला असता तर चाललं असतं. पिशवी उचललीही होती. पण ती खाली ठेवली आणि सोमवारचं सगळं सांगितलं.

मालक खुर्चीत पुढे सरकले. “म्हंजे कांबळ्याला उगंच हलवला म्हणा की.”

“हो.”

“पोरानू, बोलवा रे त्याला,” मालक बाहेरच्या पोरांना ओरडून म्हणाले.

कांबळे हात पुसत आले आणि दारातच थांबले. मी उभा राहिलो.

“कांबळे, चूक माझी होती. सुट्टी कधी असते ते मी विचारलं नाही, आणि न तपासता तुमचं नाव सांगितलं. कालही तुम्हाला पकडायलाच आलो होतो. घरी येऊनसुद्धा ते बोललो नाही. मला माफ करा.”