टेकायची फळी

जर्मनीतल्या श्वाबिया भागात लेकीकडे गेले होते, तेव्हा तिने ख्रिस्ती साधूंचा एक जुना मठ दाखवला. साधू कधीचेच गेले. राजाने मठ बंद केला, द्राक्षमळे घेतले. आता तिथे शाळा भरते. प्रार्थनेच्या दालनात मात्र लाकडी आसनांची रांग तशीच आहे. देखरेखीच्या बाईंनी बिजागरीवरचं एक आसन वर उचलून उभं केलं, तर त्याच्या खालच्या अंगाला वीतभर फळी! लेकीने त्यांचं बोलणं मला सांगितलं, “साधूंना उभ्यानेच प्रार्थना म्हणावी लागे. म्हाताऱ्यांचे पाय भरून यायचे, म्हणून ही फळी. टेकलं तरी माणूस उभाच दिसतो.”

मला आईच आठवली. निर्जळी एकादशीला ती आजीला गोळीबरोबर पेलाभर दूध द्यायची आणि म्हणायची, “हे औषधातच धरायचं.”

बाईंनी खूण केली तशी मीही टेकले. फळी किती जणांनी गुळगुळीत केली होती! गुडघे निवले.

“देवाला हे कळत नसेल का गं?” लेकीने विचारलं.

“न कळायला काय झालं? आपला तर स्वतःच विटेवर उभा आहे,” मी म्हटलं, आणि आणखी थोडी टेकूनच राहिले.